खेळातल्या गाडीला खरा मीटर

पुतण्यासाठी म्हणून ड्रायव्हिंग गेमचं कॅबिनेट घरीच केलं. म्हणायला पुतण्यासाठी, रात्री जेवणं झाल्यावर त्यात मीच बसतो. १८ मिलिमीटर प्लायचा सांगाडा, भंगारातून आणलेली मारुती ८०० ची सीट, ३२ इंची टीव्ही, लॉजिटेकचं जी२९ स्टिअरिंग आणि खाली त्याचेच पेडल. सुतारकाम आमच्या सोसायटीत नेहमी येणाऱ्या सुतारमामांचं. चालवायला मजा यायची, पण वेग बघायचा तर टीव्हीच्या कोपऱ्यातला आकडा शोधावा लागे. तेवढ्यात वळण यायचं आणि गाडी कठड्यावर. पुतण्या म्हणाला, "काका, इथे खरा मीटर पाहिजे. काटे हलणारा."

मीटर लागला. आता चांगला चालतो. मधे काय काय अडलं ते क्रमाने लिहून ठेवतो. यातल्या निम्म्या गोष्टी आधी कुणी सांगितल्या असत्या, तर बराच वेळ आणि थोडे पैसे वाचले असते.

सुरुवात स्वस्तातून केली. छोटी सर्व्हो मोटर, तिच्यावर पत्र्याचा काटा, मागे कागदावर छापलेली तबकडी. आर्डुइनोवर हे करायला फार डोकं लागत नाही. पण त्या सर्व्होत प्लास्टिकचे दाते असतात. काटा सरकला की किर्र आवाज. आरपीएमचा काटा तर सतत खालीवर होतो, त्यामुळे किरकिर थांबेचना. शिवाय ही सर्व्हो १८० अंशच फिरते. गाडीच्या मीटरचा काटा बहुतेक त्याहून जास्त फिरतो. आणि दिसायला ते सगळं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या प्रकल्पासारखं दिसत होतं. काढून टाकलं.

दुसरा रस्ता स्टेपर मोटरचा. एक्स२७.१६८ या नावाने एक इवलीशी मोटर मिळते. ती गाड्यांच्या मीटरसाठीच बनते. ३१५ अंश फिरते, आवाज जवळजवळ नाही आणि वीज इतकी कमी खाते की आर्डुइनोच्या पिनांवर थेट चालते. मोटर उत्तम आहे. पण तबकडी, काटा, काच, आतले दिवे हे सगळं आपण बनवायचं. पुतण्याला खऱ्या गाडीतला मीटर हवा होता. खोटं कशाला बोलू, मलाही तोच हवा होता.

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे गाड्यांचे मीटर पथारीवर पडलेले असतात हे येताजाता पाहिलेलं होतं. रविवारी सकाळी गेलो. विक्रेता म्हणाला, "चालू का बंद, गॅरंटी नाही साहेब. बघून घ्या." बघून म्हणजे नेमकं काय बघायचं हेच मला माहीत नव्हतं. हात हलवत परत आलो आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. गेमसाठी मीटर पाहिजे म्हटल्यावर आधी हसले, मग एका गाडीचा डॅशबोर्ड उघडाच होता तो दाखवत शिकवायला लागले.

"केबलवाला घेऊ नका," अण्णा म्हणाले. जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत फिरणारी केबल येते. तिच्या टोकाला मीटरमध्ये चुंबक फिरतं, ते अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीला ओढतं आणि वाटीवरचा काटा हलतो. विजेचा संबंध नाही. केबलच्या जागी मोटर लावून तो चालवता येतो, पण मग मोटरचा वेग सांभाळा, तिचा आवाज सहन करा.

"आणि अगदी नव्या गाडीचाही नको. त्यात दोन वायरींवर सगळं गाडं चालतं, तुम्ही वेडे व्हाल." हे कॅन बसबद्दल. माझ्या एका मित्राने तसा मीटर चालवलाय, त्यामुळे अण्णांचं म्हणणं मला पटतं. त्यासाठी एमसीपी २५१५ नावाचं मॉड्यूल आर्डुइनोला जोडतात. मित्राच्या मॉड्यूलवर ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता आणि लायब्ररी १६ धरून चालली होती. एवढ्या एका गोष्टीने त्याचा मीटर कितीतरी दिवस मुका राहिला. पुढे प्रत्येक काट्याचा संदेश कोणत्या क्रमांकाने जातो ते शोधायचं. एअरबॅग आणि एबीएसचे संदेश पाठवले नाहीत तर ते दिवे पेटलेलेच राहतात. जमलं की मीटर देखणा दिसतो, पण पहिल्याच कामाला तो नको.

"मधल्या काळातला घ्या. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. वेगाला सेन्सर असलेली. आरपीएमचा काटा हवा असेल तर वरच्या मॉडेलचा बघा, खालच्यात नसतो. आणि कपलर वायरीसकट मागा. कपलर नसेल तर मीटर फुकट मिळाला तरी सोडून द्या."

पुढच्या खेपेला तसाच मागितला. मीटरचे सहाशे आणि कपलरचे शंभर वेगळे. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच गाडीत वर्षागणिक मीटर बदलतो. नाव वाचून कुणी तोच आणायला जाईल आणि आत वेगळंच निघेल.

घरी आणून मागची बाजू उघडली. जुन्या मीटरच्या पाठीवर एक पातळ, पिवळसर, पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा असतो आणि त्यावर तांब्याच्या पट्ट्या. वायरीचं काम त्या पट्ट्या करतात. दिव्यांचे होल्डर पाव चक्कर फिरवले की बाहेर येतात. कपलरच्या प्रत्येक पिनेपासून पट्टी कुठे जाते ते बोटाने आणि मल्टिमीटरने शोधत गेलो आणि वहीत मीटरचं चित्र काढून त्यावर लिहीत गेलो. हे काम शांतपणे, दिवसाच्या उजेडात करावं. सगळ्यात जास्त दिव्यांना जी पट्टी मिळते ती बहुधा निगेटिव्ह किंवा इग्निशनची. दोन्हींतली कोणती ते कळेपर्यंत मी मीटरला वीज दिली नाही. पापुद्र्यावर दोन ठिकाणी पट्टी गंजून तुटली होती. तिथे बारीक वायरीने डाग दिला. सोल्डरिंगची बंदूक जास्त वेळ टेकली की प्लास्टिक वितळतं, एवढं सांभाळा.

पिना समजल्यावर इग्निशन आणि बॅटरीच्या पिनेला १२ व्होल्ट दिले. काटे एकदा थरथरले आणि शून्यावर बसले. अण्णांनी सांगितलं होतं, एवढं झालं की मीटर जिवंत आहे समजा.

आता काट्यांचं. इथेच सगळ्यात जास्त अडलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आरपीएमचा काटा ठोके मोजतो. चार सिलिंडरच्या फोरस्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात दोनदा ठिणगी पडते. म्हणजे आरपीएमला ३० ने भागलं की दर सेकंदाचे ठोके मिळतात. ३००० ला १०० हर्ट्झ, ६००० ला २००. तीन सिलिंडरच्या गाडीचा मीटर असेल तर ३० च्या जागी ४०. वेगाचाही काटा ठोकेच मोजतो. जपानी पद्धतीच्या मीटरला एका किलोमीटरमागे ६३७ फेरे धरलेले असतात आणि सेन्सर एका फेऱ्याला चार ठोके देतो. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण साडेबेचाळीस ठोके. मी टेबलावर ४२ हर्ट्झ देऊन पाहिलं. काटा ६० च्या किंचित खाली जाऊन थांबला. तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. बायको पोळ्या टाकून आली, बघितलं, "हं, हलला," म्हणाली आणि परत गेली.

ठोके द्यायला आर्डुइनोत टोन नावाची तयार आज्ञा आहे. इंटरनेटवरची बहुतेक उदाहरणं तीच वापरतात. तिच्यात दोन अडचणी आहेत. एक, आर्डुइनो उनोवर ती एका वेळी एकाच पिनेवर चालते. वेगाचा काटा हलला की आरपीएमचा झोपतो. दोन, ती ३१ हर्ट्झच्या खाली जात नाही. गणित केलं तर ३१ हर्ट्झ म्हणजे ताशी ४४ च्या आसपास. गाडी सुरू केली की काटा शून्यावरच, आणि ४४ ओलांडले की एकदम उडी. आरपीएमचंही तेच. ९३० च्या खाली काही नाही, आणि आयडलिंग साधारण ८०० ला असतं. हे कारण कळेपर्यंत मी मीटरलाच दोष देत होतो. दुसरा मीटर आणायला निघालोही होतो.

अडचण सोडवली माझ्या पुतण्याच्या मित्राने. तो इंजिनिअरिंगला आहे. त्याने टोन काढून टाकला आणि टायमर १ चा इंटरप्ट लावला. दर १०० मायक्रोसेकंदाला चिप एकदा जागी होते, दोन मोजण्या पुढे सरकवते आणि ज्याची वेळ भरली ती पिन उलटी करते. एक मोजणी वेगाची, एक आरपीएमची. दोन्ही काटे एकदम, आणि अगदी हळू वेगालाही चालायला लागले. प्रोग्रॅम पानभराचासुद्धा नाही.

आर्डुइनोची पिन ५ व्होल्टची, मीटर १२ चा. मधे ट्रान्झिस्टर लागतो. साधा बीसी ५४७ पुरला. बेसला १ किलोओहम, एमिटर निगेटिव्हला, कलेक्टर मीटरच्या पिनेला. वेगाच्या पिनेला आतूनच वर ओढणारा रेझिस्टर होता. आरपीएमच्या पिनेला नव्हता, म्हणून कलेक्टरपासून १२ व्होल्टला १ किलोओहमचा बाहेरून लावला. काही जुन्या गाड्यांत आरपीएमची वायर थेट इग्निशन कॉइलवरून येते. अशा मीटरला १२ व्होल्टचे ठोके पुरत नाहीत, त्याला कॉइलचा मोठा झटका हवा असतो. तिथे रिलेची कॉइल वापरून झटका तयार करतात, पण तो बीसी ५४७ ला सोसत नाही. तसा मीटर निघाला तर जास्त व्होल्टेजचा ट्रान्झिस्टर वापरा.

काटे चालले, पण थरथरत होते. आर्डुइनो कॉम्प्युटरच्या यूएसबीवर आणि मीटर वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर होता. दोघांच्या निगेटिव्ह एका ठिकाणी जाड वायरीने जोडल्या, थरथर थांबली. थोड्या वेळाने मीटरचे दिवे लावले आणि काटे पुन्हा डुलायला लागले. मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्टचे ९ झालेले. अ‍ॅडॅप्टर जुन्या राउटरचा, एक अँपिअरचा. मीटरच्या मागे ३.४ वॉटचे पाच बल्ब. तेच १७ वॉट, म्हणजे जवळजवळ दीड अँपिअर खाणार. तापकीर गल्लीतून एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस आणला. काटे गप बसले.

या एसएमपीएसच्या स्क्रूच्या पट्टीवर २३० व्होल्ट उघडे असतात. कॅबिनेटमध्ये लहान मुलं खाली वाकून पेडल बघतात, हात घालतात. त्याला प्लास्टिकचं झाकण, अर्थिंग आणि आधी एक फ्यूज, हे तिन्ही लावल्याशिवाय प्लग टोचू नका.

बल्बही बदलले. गाडीत मीटरमागे मोकळी जागा असते. प्लायच्या खोक्यात गरम हवा कोंडते, तासाभरात मीटरची पाठ हाताला चटका देत होती. त्याच मापाचे टी१० एलईडी मिळतात, स्वस्त आहेत. एलईडी एकाच बाजूने पेटतो. लागला नाही तर तो खराब आहे असं समजून फेकू नका, होल्डरमध्ये उलटा करून बघा.

पेट्रोल आणि टेंपरेचरचे काटे वेगळ्या जातीचे. ते ठोके मोजत नाहीत, सेन्सरमधून निगेटिव्हला किती करंट जातो ते दाखवतात. सेन्सरच्या जागी आधी साधे रेझिस्टर लावून बघितलं, कोणत्या किमतीला काटा कुठे थांबतो ते वहीत लिहिलं. मग यूएलएन २००३ ही चिप घेतली. तिच्यात सात ट्रान्झिस्टर आणि संरक्षक डायोड आतच असतात. तिच्यातून पीडब्ल्यूएमने दोन्ही काटे चालवले, प्रत्येकाला मधे एक २ वॉटचा रेझिस्टर ठेवून. चालले, पण पेट्रोलचा काटा गुणगुणायला लागला. बारीक, पण रात्री ऐकू येणारा आवाज. आर्डुइनोचा पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झचा असतो, तोच कॉइलमधून ऐकू येत होता. पुतण्याच्या मित्राने टायमर २ ची एक ओळ बदलून तो ३१ किलोहर्ट्झवर नेला. आवाज माणसाच्या कानापलीकडे गेला. टोन काढलेला होता म्हणून टायमर २ मोकळा होता, हे त्याने मला दोनदा समजावलं. पिना ३ आणि ११ याच त्या टायमरच्या, त्यामुळे हे दोन काटे तिथेच जोडावे लागतात.

दिव्यांमध्येही दोन प्रकार निघतात. ऑइल, हँडब्रेक, चार्जिंग यांना १२ व्होल्ट आतून मिळालेले असतात, आपण निगेटिव्ह द्यायचं. ते यूएलएन २००३ वर बसले. इंडिकेटर आणि हायबीम उलटे, त्यांना बाहेरून पॉझिटिव्ह लागतं. तिथे मी रिले मॉड्यूल लावलं. ट्रान्झिस्टरनेही होतं, पण रिलेचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. इंडिकेटर दिला की डॅशबोर्डमागून टक टक असा आवाज येतो, खऱ्या गाडीत येतो तोच. पाहुण्यांना काट्यांपेक्षा हाच आवाज आवडतो. बाजारात मिळणारी बहुतेक रिले मॉड्यूल उलटी चालतात, पिन लो केली की रिले ओढते. प्रोग्रॅममध्ये ते धरून चला, नाहीतर कॉम्प्युटर सुरू होताना दोन्ही इंडिकेटर पेटतात.

गेममधून आकडे काढणं मला सगळ्यात अवघड वाटलं होतं. ते सगळ्यात सोपं निघालं. बीमएनजी ड्राइव्ह या गेममध्ये आउटगेज नावाची सोय आहे. सेटिंगमध्ये ती चालू करून पत्ता १२७.०.०.१ आणि पोर्ट ४४४४ ठेवला की गेम आपणहून वेग, आरपीएम, पेट्रोल, टेंपरेचर, दिवे हे सगळं सतत पाठवत राहतो. एक छोटा पायथन प्रोग्रॅम ते पकडतो आणि एका ओळीत यूएसबीवरून आर्डुइनोला देतो. वेग मीटर प्रतिसेकंद असा येतो, त्याला ३.६ ने गुणायचं. पडद्यावर ६० आणि काटा १७ ला दिसला तर हेच कारण. गिअरमध्ये ० म्हणजे रिव्हर्स, १ म्हणजे न्यूट्रल आणि २ म्हणजे पहिला. युरो ट्रक सिम्युलेटर २ ला एक प्लगइन फाइल गेमच्या प्लगइन फोल्डरमध्ये टाकावी लागते. गेम सुरू होताना परवानगी विचारतो, हो म्हणायचं. तिथे रिव्हर्सला वेग उणे येतो आणि डिझेल लिटरमध्ये येतं, टाकीच्या मापाने भागावं लागतं. हे दोन गेम आमच्याकडे चालतात, बाकीच्यांचं मी करून पाहिलेलं नाही.

ज्यांना प्रोग्रॅम लिहायचाच नाही त्यांच्यासाठी सिमहब नावाचं सॉफ्टवेअर आहे. खूप गेम त्याला समजतात. आम्ही ते वापरत नाही, कारण घरात लिहिणारा मुलगा होता आणि त्याला चहा-पोह्यांवर काम चालत होतं.

इथे दोन बारीक गोष्टी. गेम थांबवला की आकडे यायचे थांबतात आणि काटे आहेत तिथेच राहतात. गाडी उभी, काटा ८० वर. सेकंदभर काही आलं नाही तर सगळं शून्यावर न्यायचं, असं आर्डुइनोत घातलं. दुसरी गोष्ट, पायथन सुरू झाला की आर्डुइनो रिसेट होतो आणि काटे दचकतात. रिसेट आणि निगेटिव्हच्या मधे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की ते थांबतं. नवा प्रोग्रॅम भरताना मात्र तो काढावा लागतो, नाहीतर प्रोग्रॅम जातच नाही.

वेगाचा काटा ताशी १०० ला चार-पाचने पुढे दाखवत होता. अण्णांना विचारलं, ते म्हणाले, "सगळ्याच गाड्यांचे मीटर थोडे जास्त दाखवतात. कमी दाखवलेलं चालत नाही." पुतण्याला ते पटलं नाही, त्याला पडद्यावरचा आकडा आणि काटा जुळायला हवा होता. दर वीस किलोमीटरला किती फरक पडतो ते लिहून एक छोटं कोष्टक प्रोग्रॅममध्ये घातलं. आता जुळतो.

राहिलं सुतारकाम. मामांनी येऊन विचारलं, "भोक कुठं पाडू?" गाडीत स्टिअरिंगच्या वरच्या अर्ध्या गोलातून मीटर दिसतो. आमच्याकडे ते जमेना. खऱ्या गाडीचं स्टिअरिंग मोठं असतं. जी२९ जेमतेम २७ सेंटिमीटरचं आहे आणि मीटर त्याहून रुंद. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला पेट्रोल स्टिअरिंगच्या कडेमागे दडत होतं. शेवटी खोक्याच्या पुठ्ठ्याचा मीटर कापून तो वेगवेगळ्या उंचीवर चिकटवून पाहिला. मी बसलो, पुतण्या बसला, बायकोलाही बसवलं. स्टिअरिंगच्या वरून, टीव्हीच्या खालच्या कडेला जवळजवळ टेकून ठेवला तेव्हा तिघांना पूर्ण दिसला. तिथे खूण केली. टीव्हीचा उजेड मीटरच्या काचेत पडत होता, म्हणून मामांनी मागे पाचर देऊन तो थोडा पुढे झुकवला आणि वर पातळ प्लायची टोपी केली. आतून काळा मॅट रंग. चकचकीत रंग अजिबात नको, सगळं त्यात दिसतं.

मीटर मागून काढता येईल असा बसवा. आमचा दोन पट्ट्यांवर चार विंगनटांनी बसलाय, पाना लागत नाही. बसवल्यावर डाव्या इंडिकेटरची वायर सुटली होती, तेव्हा याचा फायदा कळला.

टर्बोचा दाब दाखवायला या मीटरमध्ये जागा नव्हती. ती सुरुवातीला सांगितलेली एक्स२७ मोटर इथे कामाला आली. बाजूला छोटा गोल मीटर केला, तबकडी फोटो स्टुडिओतून छापून आणली. या मोटरला आपण कुठे आहोत ते कळत नाही. म्हणून सुरू होताना तिला पूर्ण मागे नेऊन आडकाठीवर टेकवायचं आणि तिथून मोजायचं. सुरुवातीची ती बारीक टकटक बिघाडाची नाही.

टेंपरेचरचा काटा अजून संथ आहे. करंटने तापून वाकणाऱ्या पट्टीवर चालणारा आहे, तो असाच राहणार. खऱ्या गाडीतही इंजिन तापायला वेळ लागतो, त्यामुळे मी त्याच्या मागे लागलो नाही. ओडोमीटरवर मात्र एक गंमत आहे. गाडी भंगारात गेली तेव्हा आकडा लाखाच्या पुढे होता, आणि आमचे गेममधले किलोमीटर त्यात रोज भरतायत. पुतण्या आठवड्याला तो लिहून ठेवतो.

मीटर वापरायला लागल्यावर खेळण्यात फरक पडला. गिअर कधी टाकायचा ते आता डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं, पडद्यावरचे आकडे आम्ही बंदच करून टाकलेत. खर्च सगळा मिळून अडीच हजारांच्या आत झाला. त्यात आर्डुइनो, एसएमपीएस, मीटर, रिले, एलईडी आणि वायरी आल्या. मामांची मजुरी वेगळी.

कुणाला करायचं असेल तर एवढं ऐका: मीटर टेबलावर सगळ्या काट्यांसकट आणि दिव्यांसकट चालल्याशिवाय प्लायला करवत लावू नका. मीटर बदलला की भोकाचं माप बदलतं, आणि पाडलेलं भोक बुजवून देणारा सुतार मला तरी अजून भेटलेला नाही.